पिवळी कड

मंजिरी वडके पाणी वरून प्यायची. पेला ओठांपासून चार बोटं वर धरायचा, मान मागे टाकायची आणि धार थेट घशात सोडायची. हनुवटीवर एक थेंब सांडायचा नाही. तोंड लावलं की भांडं उष्टं झालं, ही आईची शिकवण. आई जाऊन बरीच वर्षं लोटली होती आणि घरात उष्टं व्हायला दुसरं माणूसच नव्हतं, तरी ती वरूनच प्यायची. अंगवळणी पडलेल्या गोष्टीला माणूस कारण विचारत बसत नाही.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण ह्या सवयीमुळेच घडलं.

मंजिरी रसायनशास्त्रज्ञ होती. कृष्णेच्या काठी, उसाच्या पट्ट्यात कुसूरपेठ नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीनं, एरवी आता शहरच ते. गावाबाहेरच्या माळावर विजेच्या गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या आणून टाकायला सुरुवात झाली आणि बघता बघता त्यांचा डोंगर उभा राहिला. पावसाचं पाणी त्या डोंगरातून झिरपून माळभागातल्या विहिरींत उतरू लागलं. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. त्यात काय मिसळलंय ते डोळ्यांना कसं कळणार? ते कळावं म्हणून मंजिरीच्या प्रयोगशाळेनं रंगपेला काढला होता.

दिसायला तो साधा काचेचा पेला. पण आतून-बाहेरून त्याला एका रेणूचा पातळ मुलामा असे. प्रयोगशाळेत त्या रेणूला सगळे पाकोळी म्हणत. पाकोळी सावलीत पंख मिटून बसते, तेव्हा तिला रंग नसतो. ऊन पडलं की उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यातला एक बंध तुटतो, पंख उघडतात आणि काच निळसर दिसू लागते. पेला पुन्हा सावलीत नेला की पंख मिटतात, रंग जातो. इथवर हा नुसता खेळ. खरी गंमत पुढे आहे. उघडलेल्या पंखांच्या बेचक्यात धातूचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला धातूचा अणू, नेमका मावेल एवढी जागा असते. तो तिथं येऊन बसला की पंखांना मिटताच येत नाही. मग सावलीतही रंग टिकतो, आणि कोणता धातू बसलाय त्यावर रंग ठरतो. शिसं असेल तर जांभळा, तांबं असेल तर विटकरी. साध्या धुण्यानं तो जात नाही, लिंबाच्या पाण्यात पेला बुडवून ठेवला तरच धातू सुटतो.

गावातल्या बायकांना हे सगळं एका ओळीत पाठ होतं: उन्हात धर, सावलीत बघ. सकाळी पाणी भरलं की पेला खिडकीत ठेवायचा आणि घटकाभरानं त्यावर पदराची सावली धरायची. काच कोरी दिसली की पाणी चांगलं.

पहिल्या पेल्याला लिथियम सापडत नव्हतं. तो आयन फार लहान, बेचक्यातून निसटून जायचा. आणि बॅटऱ्यांच्या डोंगरातून मुख्य झिरपत होतं ते लिथियमच. मंजिरीनं दोन वर्षं खपून ते बेचकं अरुंद केलं. नव्या मुलाम्यात लिथियम अडकू लागलं आणि काच हळदीसारखी पिवळी होऊ लागली. नगरपालिकेनं हे नवे पेले घेऊन माळभागात घरोघर वाटावेत की नाही, हे पुढच्या बैठकीत ठरायचं होतं.

आता मंजिरीची दुसरी गोष्ट, जी गावात कुणालाच माहीत नव्हती. ती स्वतः रोज लिथियम घेत होती, गोळीतून.

ऐन तरुणपणी तिला पहिला झटका आला होता. कितीतरी दिवस झोप नाही, डोक्यात कल्पनांचा नुसता धबधबा, सगळं जग मुठीत आल्यासारखं वाटायचं. आणि मग महिनोन्महिने अंथरुणातून पाय खाली ठेववेना. डॉक्टरांनी लिथियमची गोळी सुरू केली आणि मन ताळ्यावर आलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवऱ्याला ती डबी सापडली. माणूस वाईट नव्हता. त्यानं आरडाओरडा केला नाही. फक्त तडा गेलेली बरणी उचलावी तसा तो तिच्याशी जपून बोलू लागला आणि एके दिवशी तिला माहेरी सोडून आला. तेव्हापासून डबी तांदळाच्या डब्यात गेली. मैत्रीण जवळची व्हायला लागली की मंजिरी दोन पावलं मागे सरायची. जवळची माणसं घरात राहायला येतात, आणि राहायला आलेली माणसं तांदळाचा डबा उघडतात.

असं जपून जपून तिनं सगळं आयुष्य काढलं. साठी जवळ आली तेव्हा घरात तिचा आवाज फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजताना ऐकू यायचा.

ह्या सगळ्याला किंचित फट पाडली ती ओवीनं. ओवी मगदूम समोरच्या दारातली. वय तिशीच्या आत, नवरा बॅटरी-रिक्षांच्या दुरुस्तीत, घरात सासू आणि तीन वर्षांचा मुलगा. कोपऱ्यावरच्या बालवाडीत ती शिकवायची. पोरं तिला इतकी चिकटायची की आया हेवा करायच्या. संध्याकाळी ती कधीमधी मंजिरीच्या दाराशी यायची. "मॅडम, पाणी देता का हो? जिन्यानं चढून आले, घसा कोरडा पडलाय." घर समोरच असताना शेजारी पाणी मागायचं काय कारण, असं मंजिरीनं कधी विचारलं नाही. पाणी देताना दोघींची बोटं किंचित थरथरायची. ही तहान आणि हे थरथरणं गोळीबरोबर येतं, हे मंजिरीइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिला शंका आली नाही. आपल्यासारखं जगात दुसरं कुणी असेल ही शक्यताच तिनं कधीची सोडून दिली होती.

संक्रांत झाली आणि एका दुपारी ओवी म्हणाली, "मॅडम, तुम्ही कधी हळदीकुंकू का करत नाही? आता कुठं कोण सवाष्ण-बिवाष्ण बघतंय? आमच्या बिल्डिंगीत सगळ्याच करतात की."

"मला कोण येणार?"

"मी येणार. आणि सगळ्यांना ओढून आणणार, बघाच तुम्ही."

मंजिरीला त्या रात्री हसू येत राहिलं. दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेतून नव्या मुलाम्याचे चाचणीतले पेले घेऊन आली. वाण म्हणून हेच लुटायचे! नाहीतरी ते लोकांच्या हातात जायचेच होते. शिवाय येणाऱ्यांत नगरसेविका विजूताई आवटी होत्या, पेल्यांचा निर्णय ज्यांच्या शब्दावर होता. आणि भांडं द्यायचं तर नाव घालून द्यायचं. बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात तिनं प्रत्येक पेल्यावर एकेकीचं नाव कोरून घेतलं. एक पेला स्वतःसाठी. दुकानदारानं विचारलं, "ह्याच्यावर काय घालू?" ती जराशी लाजून म्हणाली, "मंजिरी."

पेला काय काय पकडतो ह्याची चाचणी तिनं महिनाभर घरी घेतली होती. पाणी ओतून, ऊन दाखवून, सावली धरून. आणि प्यायली होती वरून. गोळीतलं लिथियम रक्तातून लाळेत उतरतं हे तिला पाठ होतं. पण तिच्या पेल्याला ओठ कधी लागलेच नव्हते, म्हणून काच कायम कोरी राहिली, आणि ती निर्धास्त राहिली.

हळदीकुंकवाला पंधराएक बायका आल्या. मंजिरीचं घर इतक्या आवाजांनी भरलेलं त्या भिंतींनीही कधी पाहिलं नव्हतं. हळदीकुंकू लावून झालं, तिळगूळ दिला, अत्तर लावलं. मग मसाला दूध. दूध वाणाच्याच पेल्यात द्यायचं, म्हणजे जिचा पेला तिनंच सुरू केला असं होईल, ही कल्पना मंजिरीची. दूध गरम, वर साय आणि पिस्त्याचे काप. असलं दूध वरून कोण पिणार? सगळ्यांनी फुंकर घालून, तोंड लावून, घोट घोट घेतलं. मंजिरी वाढण्यात गुंतली होती, तिचा पेला ओट्यावर भरलेलाच राहिला.

"चला गं," दूध संपल्यावर विजूताई म्हणाल्या, "मॅडमचं नवं यंत्र काय बोलतंय बघू." त्यांनी स्वतः पेले नुसते आतून पाणी फिरवून विसळले आणि गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ओळीनं मांडले. एकेक काच निळसर झाली. पोरीबाळींसारखा गलका झाला. मग विजूताईंनी पदर पसरून सावली धरली. निळा रंग विरला. पेले कोरे झाले.

एक सोडून. त्या पेल्याच्या कडेवर, जिथं ओठ टेकतात तिथं, चंद्रकोरीएवढी पिवळी रेघ तशीच राहिली. खाली नाव होतं, ओवी.

"अगो बाई, पिवळं म्हणजे लिथियम ना?" विजूताईंनी विचारलं.

"पण दूध तर सगळ्यांचं एकाच पातेल्यातलं," पद्मा चौगुले म्हणाली. पद्माचा मुलगा ओवीच्याच बालवाडीत होता. "मग हिच्या एकटीच्या पेल्याला कसं? आणि कडेलाच कसं? तोंडातनं आलं की काय?" ती थांबली. तिचा भाऊ औषधांच्या दुकानात होता. "लिथियमची गोळी असते ती वेड्यांना देतात, न्हवं?"

ओवी तिळगुळाची वाटी हातात धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि मंजिरीला एका क्षणात सगळं उमगलं: ती तहान, ती थरथर, समोरच्या दारात येऊन पाणी मागणं. घरात सारखं पाणी प्यायलं की सासू विचारत असेल. स्वतःच्याच घरात ही पोरगी लपूनछपून जगत होती. आणि आपण हौसेनं नाव घालून तिला चव्हाट्यावर आणलं.

पेल्यात खोट आहे, असं म्हणणं सगळ्यात सोपं होतं. तिच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. पण मग विजूताई बैठकीत हेच सांगणार, पेले वाटले जाणार नाहीत, आणि माळभागातली माणसं ते गोड पाणी पीत राहणार. खरं बोलावं तर ओवीची बालवाडी जाणार. पोरांच्या आया तिच्या हाती पोरं ठेवणार नाहीत, घरात काय होईल ते वेगळंच. तीस वर्षं तिनं ह्या क्षणापासून पळ काढला होता आणि तो तिच्याच गॅलरीत येऊन उभा राहिला होता.

"तो पेला मी उष्टावलाय," ती म्हणाली.

सगळ्या वळल्या.

"साखर बरोबर पडलीय का बघायला ओट्यावरच एक घोट घेतला होता. कुणाचा पेला ते बघितलं नाही. ओवी, माफ कर हं." तिनं ओट्यावरचा आपला पेला आणला. दूध गार होऊन साय धरली होती. मंजिरीनं पेल्याला ओठ लावले. लहानपणानंतर बहुधा पहिल्यांदाच. सगळ्यांसमोर तिनं दूध संपवलं, पेला तसाच आतून विसळला, उन्हात धरला आणि मग आपल्याच हाताची सावली केली.

कडेवर पिवळी रेघ उमटली. खाली नाव, मंजिरी.

"गोळी मी घेते," ती म्हणाली. आवाज वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. "तरुणपणापासून घेते. पेला अगदी बरोबर सांगतोय विजूताई, त्यात काही खोट नाही. फक्त कडेला लाळ लागली तर तीही दाखवतो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

बायका चांगल्या होत्या. कुणी नाक मुरडलं नाही. उलट सगळ्या एकदम गोड बोलायला लागल्या, आणि त्या गोड बोलण्यात मंजिरीला तीस वर्षांपूर्वीचा नवरा ऐकू आला. "काळजी घ्या हं मॅडम." "काही लागलं तर सांगा की." पाच मिनिटांत चपला सापडल्या. पद्मानं आपला पेला नेला नाही. ओवी सगळ्यांच्या आधी गेली होती, मान खाली घालून, एक शब्द न बोलता. तिचाही पेला कठड्यावरच राहिला.

नगरपालिकेनं पेले घेतले. विजूताईंनी शब्द पाळला. पेल्याखाली एक सूचना छापली: पाणी तपासायचं असेल तर तोंड लावू नये. माळभागातल्या तीन विहिरी पिवळ्या निघाल्या आणि तिथं टँकर सुरू झाले. वर्तमानपत्रात मंजिरीचा फोटो आला. तो फोटो पाहून तिच्याकडे पेढा मागायला कुणी आलं नाही.

जिन्यात भेटलेल्या बायका हसायच्या आणि पोरांचा हात किंचित घट्ट धरायच्या. मंजिरीला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. तिला लागलं ते दुसरंच. समोरचं दार आता संध्याकाळी उघडत नव्हतं. ओवी जाताना दिसली तर मोबाइलवर बोलत असल्याचं दाखवायची. भीती मंजिरीला कळत होती. मंजिरीजवळ उभं राहिलं तरी पिवळा डाग आपल्याला लागेल, असं पोरीला वाटत असणार. सगळं कळून काय उपयोग? कळल्यानं एकटेपणा कमी होत नाही. पूर्वी निदान कुणी नव्हतं एवढंच होतं. आता येणारं एक माणूस येत नव्हतं.

तिनं ओवीचा पेला लिंबाच्या पाण्यात ठेवून स्वच्छ केला आणि फळीवर आपल्या पेल्याशेजारी ठेवला.

रथसप्तमी उलटून गेल्यावर एका दुपारी बेल वाजली. दारात ओवी. डोळ्यांत नको तेवढी चमक, केस विस्कटलेले, बोलणं घाईघाईचं. "मॅडम, पेला न्यायला आले. नाही, न्यायला नाही. भांडण करायला आले. नाही, आभार मानायला. बसू का? बालवाडीत मी नवीन नाटुकलं बसवलंय, वीस गाणी लिहिली, एका बैठकीत वीस! झोपच येत नाही, झोपायला वेळ कुणाला आहे?"

हा धबधबा मंजिरीच्या ओळखीचा होता. तिनं फळीवरून ओवीचा पेला काढला, पाणी भरून हातात दिला. "तोंड लावून पी."

ओवी प्यायली. मंजिरीनं पेला खिडकीतल्या उन्हात ठेवला. काच निळसर झाली. तिनं तळहाताची सावली धरली. निळा रंग गेला. कड कोरी. लख्ख कोरी.

आयुष्यभर ती पिवळ्या रंगाला घाबरली होती. आज पहिल्यांदा तिला कोऱ्या काचेची भीती वाटली.

"कधीपासून बंद केलीस गं?"

ओवीनं पेल्याच्या कोऱ्या कडेवरून बोट फिरवलं. "हळदीकुंकवापासूनच," ती म्हणाली, आणि मग बांध फुटला. "आता घरोघर हे पेले येणार. सासूबाई कधी माझ्या पेल्याला ऊन दाखवतील, नेम नाही. ह्यांनासुद्धा माहीत नाही हो. लग्न ठरवताना आईनं शपथ घातली होती. तुम्ही माझ्यासाठी सगळ्यांसमोर... आणि मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"ते राहू दे."

"मला वाटलं, गोळी नको नि पेल्याची भीती नको. आणि बरं वाटतंय की! इतकं छान वाटतंय, कधी नव्हे इतकं."

"छानच वाटतं," मंजिरी म्हणाली. "मलाही वाटायचं. मग त्यानंतर काय होतं, ते तुला माहीत आहे का?"

ओवीनं मान हलवली. माहीत होतं. बाळंतपणानंतर एकदा ती विहिरीच्या कठड्यापर्यंत गेली होती. हे तिनं इतक्या हळू सांगितलं की मंजिरीला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"मावशी," ओवीनं विचारलं, आणि मॅडमची मावशी कधी झाली ते दोघींच्याही लक्षात आलं नाही, "इतकी वर्षं घेताय तुम्ही. जगता येतं का हो नीट?"

मंजिरीला खोटं बोलवलं नाही. "जगता येतं. नोकरी केली, शोध लावला, आईचं सगळं केलं. गोळीनं माझं काही घेतलं नाही. लपवण्यानं घेतलं. तुझ्यासारखी एखादी पोर पूर्वी कधी दारात आली असेल, तर मीच दार उघडलं नसेल."

मग ती उठली. तिनं दवाखान्यात फोन लावला, डॉक्टरांशी बोलली, रिक्षा बोलावली आणि ओवीबरोबर स्वतः गेली. परत येताना गोळ्यांची डबी ओवीच्या पर्समध्ये नव्हती, मंजिरीच्या पिशवीत होती. रोज संध्याकाळी पाणी मागायच्या निमित्तानं यायचं, गोळी इथंच घ्यायची, असं ठरलं. नवऱ्याला सांगायचं की नाही, कधी आणि कसं, ते ओवीचं ओवीनं ठरवायचं. मंजिरीनं त्यात तोंड घातलं नाही.

ओवी येत राहिली. फार बोलायची नाही. ती चमक ओसरली तशी मरगळ आली, काही संध्याकाळी ती नुसती भिंतीला टेकून बसायची आणि दहा मिनिटांत उठून जायची. ती गेल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखं शांत व्हायचं. साठीची सवय एका पोरीच्या दहा मिनिटांनी मोडत नाही. पण तांदळाच्या डब्यातली डबी आता फळीवर आली होती, शेजारी दुसरी.

रोज सकाळी मंजिरी आदल्या संध्याकाळचा ओवीचा पेला खिडकीत ठेवायची आणि हाताची सावली धरून बघायची. कड कोरी. दुसऱ्या दिवशीही कोरी. औषध अंगात मुरायला वेळ लागतो हे पक्कं माहीत असूनही तिच्या जिवाची घालमेल व्हायची. पोरगी घोट घेते आणि गोळी तोंडात धरून बाहेर टाकते की काय, अशीही शंका मनात यायची.

मग एका सकाळी, ऊन जरा तिरपं आलं असताना, तिनं सावली धरली आणि हात तसाच ठेवला. कडेवर रेघ होती. फिकी, पण पिवळी. हात काढला, पुन्हा धरला. रेघ तिथंच होती.

मंजिरीनं समोरच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं. ओवी बालवाडीत गेली असणार. हे सांगायला संध्याकाळपर्यंत कुणी नव्हतं. तिनं आपल्या पेल्यात पाणी भरलं, ओठ लावून सावकाश प्यायलं आणि तो ओवीच्या पेल्याशेजारी उन्हात ठेवला.